मिरचीच्या पथारीवर मंगलाताई

मंगलाताईंना कुणी "जरा हळू बोला" म्हटलं, की त्या पुढचं वाक्य आणखी वरच्या पट्टीत बोलत. रागानं नव्हे. समोरच्याची काहीतरी गैरसमजूत झाली आहे आणि ती लगेच दूर केलेली बरी, अशा समजूतदारपणानं. नंदुरबार–मोलगी गाडीवर कंडक्टर म्हणून त्यांची हयात गेली. इंजिनाची घरघर, पत्र्याचा खडखडाट, टोपलीतल्या कोंबड्या आणि रडणारी पोरं या सगळ्यांच्या वरून "मांगे सरका" हे शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे, या बेतानं त्यांचा गळा घडला होता. घरी, बँकेत किंवा देवळात वापरायला वेगळा गळा त्यांनी कधी ठेवला नाही.

बुटक्या होत्या. साडीवर खाकी कोट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उभ्या राहत त्या दोन पायांत चांगलं अंतर ठेवून. पायांखालची जमीन कधीही वळण घेईल, याची त्यांना कायम तयारी असावी. रंगमंचावर त्यांनी अनेक भूमिका केल्या, पण ही उभं राहण्याची ढब त्यांना कुठल्याच भूमिकेत सोडता आली नाही. प्रेक्षकांनाही त्याची सवय झाली होती.

आमच्या हिवाळी महोत्सवात तालमीची सुरुवात त्या "डबल" म्हणून करत. कंडक्टरनं घंटी दोनदा वाजवली की गाडी सुटते, तसं. कुणाचं चुकलं की "सिंगल". मग सगळे जिथल्या तिथं थांबत. एकदा मी त्यांना म्हटलं, "ताई, नाटकात याला दुसरे शब्द आहेत." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ना सर. या शब्दावर मन्ही गाडी कधी चुकीनी सुटनी नही."

मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो. महोत्सवात माझं काम विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचं. मी जे पाहिलं ते बाजूनंच पाहिलं. मंगलाताईंना मात्र बाजूला उभं राहणं माहीतच नव्हतं. रस्त्यानं चालतानाही त्या मधून चालत आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत. "कृषी सेवा केंद्र. दातांचा दवाखाना. येथे थुंकू नये." सोबतच्याला आधी संकोच वाटे, मग तोही वाचू लागे.

स्टेजवर रडणाऱ्या नटांवर त्यांचा राग होता. "तू रडनास तं लोके काय करतीन? त्यास्नं काम त्यास्ले करू दे," असं म्हणत. डब्यात कायम ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा, आणि तो डबा तालमीत सगळ्यांपुढून फिरायचाच. नाही म्हणणाऱ्याला त्या विचारत नसत, त्याच्या हातात तुकडा ठेवून पुढे जात. गाता मुळीच येत नव्हतं. तरी प्रत्येक नाटकाच्या नांदीत त्या सर्वांत पुढे उभ्या राहून गात, आणि बाकीच्यांना त्यांच्या सुरात सूर मिसळण्याचं अवघड काम करावं लागे.

महोत्सव सुरू झाला तो देवगोईच्या घाटात, आणि त्या वेळी मी तिथं होतो. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारठा आला होता. मोलगीच्या एका शाळेत काही कामासाठी निघालो होतो. घाटाच्या मध्यावर गाडी बंद पडली. ड्रायव्हर छगनदादा बॉनेट उघडून बराच वेळ आत वाकून राहिले, मग बाहेर येऊन त्यांनी फक्त मान हलवली. दुसरी गाडी येईपर्यंत थांबायचं होतं. लोक खाली उतरून रस्त्याकडेच्या उन्हात बसले. पँट-शर्टातली मंडळी घड्याळं पाहू लागली आणि हळूहळू सगळ्यांचा राग कंडक्टरकडे वळला.

मंगलाताईंनी इकडेतिकडे पाहिलं. बाजाराची टोपली घेऊन एक वयस्क पावरा आदिवासी बाई बसली होती. जेमाबाई तिचं नाव. तिच्याशी ताई तिच्या बोलीत काहीतरी बोलल्या. इतकी वर्षं त्या गाडीवर राहून ती बोली त्यांच्या तोंडात बसली होती. जेमाबाईनं आधी पदर तोंडावर घेतला, मग पदर खाली घेतला आणि गोष्ट सुरू केली.

एका वाघाची गोष्ट होती. वाघ एका घरी मुलीला मागणी घालायला येतो. आईबाप घाबरून हो म्हणायच्या तयारीत असतात. मुलगी म्हणते, "येऊ द्या, पण आमच्यात जावई आधी सासऱ्याकडे काम करतो." मग ती त्याला टोपलीनं पाणी भरायला लावते. वाघ नदीवर जातो, टोपली भरतो, घरी येईतो टोपली रिकामी. पुन्हा जातो. मला निम्मे शब्द कळत नव्हते, पण जेमाबाई वाघाची चाल अशी काही करून दाखवत होती की शब्दांची फार गरज पडली नाही. घड्याळ पाहणारी मंडळी जवळ सरकली. छगनदादा हात पुसत येऊन बसले.

तेवढ्यात हॉर्न देत दुसरी गाडी आली. तिचा कंडक्टर उतरून म्हणाला, "चला, चला, बठा. येळ जाई ऱ्हायना."

मंगलाताई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "दम खाय. वाघ आजून पाणी भरी ऱ्हायना."

"अहो बाई, आम्हाला वेळेवर पोचायचंय," एक प्रवासी म्हणाला.

"पोचशात भाऊ. वाघले पोचू द्या पहिले."

आणि खरंच कुणी उठलं नाही. आलेला कंडक्टर थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मग तोही एका दगडावर टेकला. शेवटी वाघ दमून मुलीला म्हणतो, "तू माझी बहीण, मला जाऊ दे." तेव्हा मुलगी त्याला भाकरी देऊन वाटेला लावते. लोक हसत हसत गाडीत चढले. या उशिराबद्दल नंतर विचारणा झाली, तेव्हा ताईंनी सांगितलं, "गोष्ट चालू होती." यापेक्षा अधिक खुलासा त्यांनी केला नाही.

परतीच्या प्रवासात त्या माझ्या सीटजवळ येऊन उभ्या राहिल्या. "सर, हाई डोंगरमा रोज चालस. आनी नंदुरबारमा कोन्हाले माहीत नही. हाई बराबर नही." मी मान डोलावली. मला वाटलं, त्या नुसतं बोलताहेत. आठवडाभरात त्या कॉलेजात आल्या. पौषात लग्नं नसतात, मंगल कार्यालयं रिकामी असतात, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं.

असा आमचा महोत्सव उभा राहिला. डोंगरातून गोष्टी सांगणारे येत, गावातली हौशी मंडळी अहिराणीतून नाटकं करत, लोक घरून गोधड्या घेऊन येत. नियम एकच होता आणि तो ताईंचा होता. ज्यानं त्यानं आपल्या घरी बोलतो त्या बोलीत बोलायचं. पहिल्याच वर्षी एक मोठे पाहुणे उद्घाटनाला आले होते. जेमाबाई बोलू लागल्यावर त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि माईक मागून घेऊन म्हणाले, "मावशी, मराठीत सांगा ना. सगळ्यांना कळलं पाहिजे."

जेमाबाई थांबली. तिनं आजूबाजूला पाहिलं. तेवढ्यात ताई विंगेतून बाहेर आल्या. वरच्या माणसांशी बोलताना त्या शाळेतली मराठी वापरत, आणि ती वापरली की समजावं, त्या मागे हटणार नाहीत. "साहेब," त्या म्हणाल्या, "ती तिच्या घरची बोली बोलते आहे. तुमच्या शेजारी जी मुलगी बसली आहे ती हसते आहे, म्हणजे तिला कळतं आहे. तिला विचारा."

पाहुण्यांनी खरंच मान वळवली आणि त्या मुलीला विचारलं. ती अक्कलकुव्याकडची, वसतिगृहात राहणारी मुलगी. तिनं त्यांच्या कानाशी सांगायला सुरुवात केली. पुढची सगळी गोष्ट साहेब बाकीच्या प्रेक्षकांच्या थोडं मागून हसत राहिले. ते नंतर दरवर्षी आले, न बोलावताही.

पण मंगलाताईंची खरी कसोटी लागली ती 'मुकी बहीण' या नाटकाच्या वेळी. ते नाटक कुणी लिहिलं असं म्हणता येणार नाही. तालमीत बोलता बोलता ते तयार झालं आणि मी ते कागदावर उतरवलं. बाप वारलेला आहे. भाऊ जमले आहेत. लग्न झालेली बहीण माहेरी आली आहे आणि तिनं जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायची आहे. सगळे तिच्या वतीनं बोलताहेत. "तिले काय कमी शे?" "तिन्हा घर भरेल शे." "ती कधी नही म्हनाव नही." बहीण सगळं नाटकभर एक शब्दही बोलत नाही. अगदी शेवटी विचारते, "मन्हा वाटा कोठे शे?" आणि नाटक संपतं.

बहिणीचं काम शबाना करायची. शबाना गावातलीच, शिवणकाम करणारी, बोलायला एरवी कुणाला न ऐकणारी. थोरल्या भावाचं काम मंगलाताईंनी स्वतःकडे घेतलं. मिशा लावून, धोतर नेसून त्या उभ्या राहिल्या की हसू यायचं. पण बोलू लागल्या की ते हसू विरायचं. खोटं बोलण्याआधी हा भाऊ खांद्यावरचा रुमाल घेऊन कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड पुसतो, अशी एक लकब त्यांनी बसवली होती. ती कुठून आली हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका संध्याकाळी. तालीम चालू असताना दारात एक उंच, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ येऊन उभे राहिले. ते ताईंचे भाऊ, कोरीटचे नानाभाऊ. चांगली बागायती बाळगून असलेले, गावात शब्दाला मान असलेले. ताईंनी "सिंगल" म्हटलं. आम्ही थांबलो.

"मंगल, हाई काय चाली ऱ्हायनं?"

"तालीम."

"तू मन्ही नक्कल करी ऱ्हायनी."

"तुले कसं कळनं?" ताईंनी विचारलं.

नानाभाऊंनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड पुसलं. शबानानं मान फिरवली. आम्ही कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

"गावमा लोक हासतीन," ते म्हणाले. "बापनं नाव शे."

"बाप मन्हा बी व्हता, नाना."

"आनी सही तूच करी व्हती. कोन्ही तुन्हा हात धरेल व्हता का?"

मला वाटलं, आता ताईंचा आवाज चढेल. तो चढला नाही. मी त्यांना एवढ्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "नही. कोन्ही हात धरेल नव्हता. तू पुढे कागद सरकावना आनी मी गपचूप सही करी. म्हनीसन तं बहीणनं काम मी शबानाले दिनं. गप बसानं काम परत माले जमाव नही."

जाताना नानाभाऊ म्हणाले, "हाई नाटक व्हवाव नही."

"व्हई," ताई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "डबल."

महोत्सव तोंडावर आला होता. आणि एका सकाळी मंगल कार्यालयाच्या मालकांचा निरोप आला, की दुरुस्ती निघाली आहे, हॉल देता येणार नाही. ताई मला घेऊन तिथं गेल्या. दुरुस्तीची काही चिन्हं नव्हती. मालक मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "बाई, माझ्यावरही दडपण असतं. तुम्ही असं करा, एखादं पौराणिक करा. मग हॉल तुमचाच आहे."

ताईंनी चहा संपवला. कप बशीत नीट ठेवला. "मंग हॉल तुमनाच ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, आणि उठल्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, या वर्षी पुढं ढकलू या का? माणसं थंड झाली की बघू." त्या चालता चालता पाट्या वाचत होत्या. वाचन थांबवून म्हणाल्या, "सर, त्या लोके थंड व्हवानी वाटच पाही ऱ्हायनात. आपन थंड व्हवानी." मग त्यांनी रिक्षा केली आणि रशीदसेठकडे गेल्या.

रशीदसेठ म्हणजे मिरचीचे व्यापारी. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात. त्या जागांना पथारी म्हणतात. लांबून पाहिलं तर जमिनीवर लाल जाजम अंथरल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येतं. रशीदसेठची पथारी मोठी होती आणि हंगाम ऐन भरात होता.

"रशीदभाई, आम्हाले तुमनी पथारी पाहिजे," ताईंनी सरळ सांगितलं.

"पथारी शे बाई. पन तिन्हावर मिरची शे."

"एक बाजूले सारी ल्या. आम्हाले थोडी जागा बस शे."

"लोक शिंकतीन."

"शिंकू द्या. झोपनार तं नहीत."

रशीदसेठ हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "भांडण कोन्हासंगे शे?" ताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि कामावरच्या बायांना हाक मारून मिरची कुठून कुठपर्यंत सारायची ते दाखवायला सुरुवात केली. त्यांनाही फोन आले होते, हे मला फार नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. "मी म्हटलं, मन्ही मिरची मन्ही जागा. कोन्ही येईसन बसनं तं मन्हं काय जास?" असं त्यांनी सांगितलं. यात मोठेपणा वाटून घ्यावा असं त्यांना काही दिसत नव्हतं.

नाटक दुपारी करायचं ठरलं, थंडीतल्या उन्हात, दिव्यांची भानगड नको म्हणून. बारदानं अंथरली. मागे पडदा म्हणून रशीदसेठच्या ट्रकची ताडपत्री. हॉल नाकारल्याची बातमी गावभर झाली होती, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त लोक आले. बायका तर खूप. मिरची खुडायला येणाऱ्या बायाही काम थांबवून एका बाजूला बसल्या. आमच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. नांदी सुरू झाली आणि तिसऱ्या ओळीला पहिली शिंक आली. मग शिंकांची रांगच लागली. नट शिंकत होते, प्रेक्षक शिंकत होते. मी ताडपत्रीच्या आडून नाकाला रुमाल लावून ओळी सांगत होतो आणि माझ्याही ओळींत शिंका मिसळत होत्या. वाटलं, संपलं, आता याचा तमाशा होणार.

भाऊ सहीची बोलणी करतात तो प्रवेश आला. मंगलाताई रुमालानं तोंड पुसून म्हणाल्या, "आपली बहीण काही मांगणारी नही." आणि नेमकं त्याच क्षणी शबाना शिंकली. जिनं नाटकभर आवाज काढायचा नाही, तीच. प्रेक्षक हसायला लागले. शबानाच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ताईंनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. बाकीच्या भावांकडे वळल्या आणि अतिशय समाधानानं म्हणाल्या, "पाहा. हां भरी तिनी."

लोक हसू लागले ते थांबेचनात. पण ते हसू हळूहळू बदलत गेलं. बायकांच्या बाजूचं आधी थांबलं. शिंकसुद्धा होकार म्हणून धरली जाते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "हाई खोटं शे."

नानाभाऊ उभे होते. ते आलेत हे आम्हाला माहीत नव्हतं. सगळ्यांच्या माना वळल्या. मिशा लावलेल्या ताई जागच्या जागी उभ्या राहिल्या, पाय फाकवून. त्यांनी नाटकातला आवाज सोडला आणि आपल्या रोजच्या आवाजात म्हणाल्या, "खरं काय ते आठे येईसन सांग, नाना. जागा शे."

खरंच जागा होती. समोरची माणसं बाजूला सरकून त्यांनी वाट करून दिली. नानाभाऊ त्या वाटेकडे पाहत राहिले. एक पाऊल पुढे टाकलं असावं, असं मला वाटलं. मग ते वळले आणि मोटारसायकलींच्या बाजूला निघून गेले. त्यांच्याबरोबर काही माणसं उठली, पण फार नाहीत.

ताईंनी पुन्हा रुमाल खांद्यावर टाकला आणि नाटक जिथं थांबलं होतं तिथून पुढे नेलं. शेवटी शबाना उठली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "मन्हा वाटा कोठे शे?" टाळ्या वाजल्या नाहीत. बायकांच्या बाजूनं कुणीतरी ते वाक्य पुटपुटल्यासारखं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकीनं. मग ते त्या बाजूला इकडून तिकडे फिरत राहिलं. ते थांबल्यावरच लोक उठले.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मंगलाताईंना माहेराहून कुणी न्यायला आलं नाही. खानदेशात हा सण लेकीबाळींचा. भाऊ येऊन बहिणीला घेऊन जातो, ती झोक्यावर बसते, गाणी म्हणते. सासरी राहिलेली बाई त्या दिवशी फार एकटी असते. ताईंचे यजमान, बापू, शेती करणारे अबोल गृहस्थ. ते म्हणाले, "जाऊ नको म्हनं तरी जाशी. डबा तं ली जाय." ताई शबानाला बरोबर घेऊन एसटीनं कोरीटला गेल्या.

पुढचं शबानानं सांगितलेलं. गावातल्या चौकात निंबाला झोका बांधलेला होता, बायका जमलेल्या होत्या. समोरच नानाभाऊंचं घर. ताई घराकडे वळल्या नाहीत. सरळ झोक्यापाशी गेल्या आणि बसल्या. बायका गप्प झाल्या. झोका द्यायला कुणी पुढे येईना, कारण नानाभाऊ ओट्यावर बसले होते. ताईंनी पाय जमिनीला लावून स्वतःच थोडा झोका घेतला आणि आपल्या त्या बेसूर आवाजात गाणं सुरू केलं. एक कडवं झालं, दुसरं झालं. मग नानाभाऊंच्या घरातून त्यांची बायको बाहेर आली. ओट्यावरून उतरून, नवऱ्यासमोरून चालत ती चौकात आली. ताईंच्या मागे उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी झोका ढकलला. "तुन्ही माय बी आशीच बेसूर गाये," ती म्हणाली. मग बाकीच्या बायका गाऊ लागल्या. ताई संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. भावाच्या घरात पाणी प्यायल्या नाहीत, आणि दर आखाजीला जायचं सोडलंही नाही.

वाटा मिळाला का, असं मला लोक विचारतात. नाही मिळाला. त्यांनी मागितलाही नाही. सही केली ती केली, असं म्हणायच्या. पण पुढे त्या भागातल्या काही बहिणींनी सही करायला नकार दिला, असं कानावर आलं. त्याचं श्रेय नाटकाला द्यावं का, मला ठाऊक नाही. मंगलाताईंनी बेलाशक दिलं असतं. महोत्सव मात्र परत हॉलमध्ये गेला नाही. पुढच्या वर्षी कार्यालयाच्या मालकांनी स्वतःहून विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "आम्हाले आते शिंकाशिवाय जमस नही."

निवृत्तीनंतर त्यांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी थंडीत डोंगर चढू नका म्हणून सांगितलं. त्यांनी डॉक्टरांनाच महोत्सवाचं आमंत्रण दिलं. मागच्या पौषात, महोत्सवाच्या थोडं आधी, त्या घरी बसल्या बसल्या गेल्या. बापू शेजारच्या खोलीत होते. नानाभाऊ आले. ते खांदा द्यायला पुढे झाले आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

महोत्सव करायचा की नाही यावर आमच्यात चर्चा झाली नाही. शबानानं बारदानं अंथरायला घेतली, एवढंच. आणि पहिल्या दुपारी नर्मदेकाठच्या मणिबेलीहून गोष्टी सांगणारी तारकीबाई येऊन पोचली. होडी, मग जीप, मग एसटी, असं करत एकटी. तिला परत बोलवायला कुणी गेलं नव्हतं. तिनं ताईंना शब्द दिला होता. ताई नाहीत हे तिला इथं आल्यावर कळलं. ती उभी राहिली आणि आपल्या गावाबद्दल सांगू लागली. पाण्याखाली गेलेलं गाव. कुठल्या घरापुढे कसलं झाड होतं, कुठल्या वाटेनं गेलं की कुणाची हाक ऐकू यायची. त्या दिवशी शिंका आल्या, पण कुणी हसलं नाही.

त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला या तारकीबाईला बोलवायला ताई गेल्या तेव्हा मी सोबत होतो. ती आधीच्या वर्षी नाही म्हणाली होती, त्याच्याही आधी नाही म्हणाली होती. मोलगीच्या बाजारातून जीप करून आम्ही नर्मदेच्या काठाला उतरलो. मला दुसऱ्या दिवशी परीक्षेचं काम होतं, म्हणून मी तिथूनच फिरणार होतो. समोर धरणाचं पाणी पसरलेलं, वारा बोचरा. ताईंना चढ-उतारानं धाप लागली होती.

मी म्हटलं, "ताई, ती नाही म्हणेल. गाव बुडालं तेव्हा गोष्टीही तिथंच राहिल्या, असं म्हणते ती."

"मंग तेवढंच येईसन सांग, आसं म्हनसू मी तिले."

"आणि तरी नाही म्हणाली तर?"

"तिन्हा आंगनमा बठसू."

होडीवाल्यानं हात दिला तो त्यांनी घेतला नाही. स्वतःच चढल्या. होडी डगमगली. काठ सुटल्यावर होडीवाला त्यांना खाली बसा म्हणून खुणावत होता. तो काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं, वारा उलटा होता. ताई उभ्याच होत्या. पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचलेला, एक हात कपाळाशी धरून त्या पलीकडच्या काठाकडे पाहत होत्या. होडीवाल्यानं पुन्हा एकदा हातानं बसा म्हणून सांगितलं, मग नाद सोडला आणि वल्हं मारू लागला.